आपल्या हॉस्टेलचा न्यूज सर्व्हर : सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हॉस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो : 'एम-थ्रीचे जुने पेपर कुणाकडे आहेत का?' कुणीतरी दोन फोटो टाकतो. त्यातला एक वाकडा, दुसऱ्यावर अंगठा. तासाभरात त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि मेसच्या भाजीवरचे विनोद यांचा ढीग पडतो. रात्री अकरा वाजता दुसरा कुणीतरी तोच प्रश्न पुन्हा विचारतो.

आमच्या आधीच्या एका बॅचने यावर उपाय केला होता. सोडवलेले पेपर, व्हायवाला विचारलेले प्रश्न, कोणत्या सरांना कोणतं डेरिव्हेशन आवडतं इथपर्यंत सगळं त्यांनी एका फुकटच्या ऑनलाइन सेवेवर जमवलं होतं. खातं एका सिनिअरच्या नावावर. तो पास आऊट झाला, नोकरीला लागला, आणि एक दिवस ती सेवाच बंद झाली. सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर गेली असणार, पण तो मेल कोण उघडणार? आमच्या हाती उरली ती फक्त लिंक.

त्यानंतर लॅबमधल्या एका सरांनी सहज विचारलं, 'तुम्ही यूजनेटचं नाव ऐकलंय का रे?' आम्ही ऐकलं नव्हतं. गेल्या वर्षभरात ते ऐकलं, वाचलं, एका जुन्या डेस्कटॉपवर बसवलं, दोनदा बिघडवलं आणि आता ते बऱ्यापैकी चालतंय. हे करताना आमचा सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल, तर सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं या वादात. म्हणून हा लेख.

आधी यूजनेट म्हणजे काय ते थोडक्यात. पहाटे पुण्याहून निघालेल्या गाडीतून वर्तमानपत्रांचे गठ्ठे मंचरला उतरतात. त्यातले काही घोडेगावकडे जातात. उरलेले नारायणगावला, तिथून काही जुन्नरला, काही आळेफाट्यावरून ओतूरला. वाचणाऱ्याला पुण्यापर्यंत जावं लागत नाही, त्याचा पेपर त्याच्या गावच्या एजंटाकडे येऊन पडलेला असतो. पुण्याचा रस्ता दुपारी बंद झाला तरी सकाळी आलेला पेपर वाचता येतोच. यूजनेट असंच चालतं. फरक एवढाच की इथे ओतूरचा वाचकही बातमी लिहू शकतो, आणि ती त्याच रस्त्याने उलटी पुण्यापर्यंत जाते. मधे कुणी मालक नाही. प्रत्येक सर्व्हरकडे स्वतःची प्रत असते.

गठ्ठा दोनदा येऊ नये म्हणून प्रत्येक लेखावर एक नंबर असतो, त्याला मेसेज-आयडी म्हणतात. तो जगात एकमेव असावा लागतो. एक सर्व्हर दुसऱ्याला विचारतो, 'माझ्याकडे अमुक नंबरचा लेख आहे, हवा का?' समोरचा आपल्या नोंदवहीत बघतो आणि 'पाठव' म्हणून ३३५ हा आकडा कळवतो किंवा 'नको, आहे' म्हणून ४३५. या नोंदवहीला हिस्टरी फाइल म्हणतात. तिचं नाव लक्षात ठेवा, पुढे तिच्यामुळेच आमची रात्र गेली.

ही कल्पना १९७९ची. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस हे दोन विद्यार्थी, आणि पहिलं कामचलाऊ सॉफ्टवेअर लिहिलं शेजारच्या विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोविनने. म्हणजे आपल्यासारख्याच पोरांचं काम. तेव्हा इंटरनेट हाताशी नव्हतं. रात्री एक कॉम्प्युटर दुसऱ्याला फोन लावायचा, लेख द्यायचा-घ्यायचा आणि फोन ठेवायचा. ऑस्ट्रेलियाला तर सुरुवातीला हे लेख मॅग्नेटिक टेपवर भरून विमानाच्या टपालाने जायचे!

आपल्याकडेही ही पद्धत आली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात आयआयटी, बंगळूरची आयआयएससी आणि मुंबईत जुहूची एनसीएसटी होती. बाहेरच्या जगाकडचा दरवाजा एनसीएसटीत होता, आणि डॉ. श्रीनिवासन रमणी तिचे प्रमुख. पुढे पुण्यात अर्नेटचं केंद्र आयुकामध्ये आलं. सामान्य माणसाला व्हीएसएनएलचं इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ला, म्हणजे बऱ्याच नंतर. परदेशातल्या मराठी मंडळींसाठी यूजनेटवर 'सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी' नावाचा ग्रुप होता. तेव्हा युनिकोडची सोय नसल्यामुळे मराठी लिहायचं ते रोमन अक्षरांत. आजही आपण मेसेजमध्ये तेच करतो आणि त्यासाठी मराठीच्या मॅडमची बोलणी खातो, ही गोष्ट वेगळी.

आता कुणी म्हणेल की यूजनेट कधीच मेलं. पूर्ण खोटं नाही. गुगल ग्रुप्सने २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटवरचे नवे लेख घेणं आणि पाठवणं बंद केलं. जुनं तेवढं तिथे शोधता येतं. तरीही मजकुराचे ग्रुप चालवणारे सर्व्हर जगात आहेत आणि ते एकमेकांशी लेखांची देवाणघेवाण करतात. पण आपला मुद्दा त्यावर अवलंबून नाही. जगातलं शेवटचं यूजनेट बंद झालं तरी हॉस्टेलमधला सर्व्हर हॉस्टेलच्या लॅनवर चालतच राहील. बाहेरच्या इंटरनेटची वायर कुठल्या तरी जेसीबीने तोडली तरीही. आपल्याकडे रस्त्याचं काम कधी संपतं का?

आधी हे ठरवा

सॉफ्टवेअरची नावं शोधण्याआधी आम्ही एक चूक केली. 'बेस्ट' कोणतं ते विचारत बसलो. खरा प्रश्न वेगळा आहे. तुम्हाला बाहेरचे ग्रुप आणून वाचायचे आहेत, की आपल्या आपल्यात लिहायचं आहे? या दोन कामांची सॉफ्टवेअर वेगळी आहेत. दुसरा प्रश्न लाइटचा. आणि तिसरा, जो कुणीच विचारत नाही : तुम्ही फायनल इयरला गेल्यावर हे कोण बघणार?

बाहेरचं वाचायचं असेल तर लीफनोड घ्या, डोळे मिटून. हे छोटं सॉफ्टवेअर आहे आणि ते मोठ्या सर्व्हरशी बरोबरीच्या नात्याने बोलत नाही. ते एखाद्या वाचकासारखं तिथे जातं, लेख ओढून आणतं आणि आपल्याकडे ठेवतं. त्यामुळे समोरच्या सर्व्हरच्या चालकाशी काही करार करावा लागत नाही, एक साधं खातं पुरतं. लाइन दिवसातून तासभरच मिळत असेल तरी चालतं. तेवढ्या वेळात ते आणायचं ते आणतं आणि तुम्ही लिहिलेलं पाठवून देतं. कोणता ग्रुप आणायचा हेही ते तुमच्या वाचनावरून ठरवतं. एखादा ग्रुप पहिल्यांदा उघडला की त्यात फक्त एक सूचना दिसते, खरे लेख पुढच्या फेरीला येतात. (आमच्या एका मित्राने ती सूचना पाहून 'ग्रुप रिकामा आहे' असं जाहीर केलं आणि लीफनोड काढून टाकलं. मग पुन्हा टाकलं.) एखादा ग्रुप आठवडाभर कुणी वाचला नाही की तो आणणं बंद.

लीफनोडचा एक हट्ट आहे. मशीनला पूर्ण, व्यवस्थित नाव नसेल तर ते सुरूच होत नाही. 'लोकलहोस्ट' चालत नाही. आम्हाला वाटलं हा बग आहे. तो बग नाही. जगातल्या दहा मशीनचं नाव 'लोकलहोस्ट' असेल तर मेसेज-आयडी एकमेव कसा राहणार? मात्र लीफनोडच्या पहिल्या मालिकेत स्वतःचे स्थानिक ग्रुप बनवायची सोय नाही. ती दुसऱ्या मालिकेत आहे, पण ती वर्षानुवर्षं 'अल्फा' याच पायरीवर राहिलेली. पेपर जपायला अल्फा सॉफ्टवेअर वापरायचं धाडस आम्हाला झालं नाही.

आपल्या आपल्यात लिहायचं असेल तर दोन रस्ते. वेंझेल-एनएनटीपीडी नावाचा एक छोटा सर्व्हर आहे, लेख एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये ठेवतो आणि मांडायला सोपा आहे. डीबीएमएसच्या मिनी प्रोजेक्टसाठी उत्तम. पण दुसऱ्या सर्व्हरशी देवाणघेवाण हे त्याचं काम नाही. उद्या दुसऱ्या हॉस्टेलने किंवा दुसऱ्या कॉलेजने सर्व्हर काढला आणि जोडायचं म्हटलं तर आपण अडकतो. डायब्लो हे सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर लेख इकडून तिकडे वाहून नेण्यासाठी लिहिलेलं. ते म्हणजे हॉस्टेलच्या बाईकसाठी दहा चाकी ट्रक. विंडोज २००० सर्व्हरमध्ये आयआयएससोबत न्यूजची सेवा यायची, मायक्रोसॉफ्टने ती पुढे काढून टाकली. जुन्या पुस्तकात तिचं प्रकरण दिसलं तर सोडून द्या. सी-न्यूज १९८७ सालचं, त्याला नमस्कार करून पुढे जायचं.

उरतं आयएनएन.

आयएनएन

आयएनएन म्हणजे इंटरनेटन्यूज. रिच साल्झ यांनी १९९२ मध्ये ते बाहेर आणलं आणि आजही त्याची देखभाल होते. २.७ ही मालिका २०२२ मध्ये आली. डेबियनमध्ये तयार पॅकेज मिळतं. याची बदनामी अशी की ते फार अवघड आहे. आमचा अनुभव असा की ते अवघड नाही, ते मोठं आहे. पंचवीस खोल्यांच्या वाड्यात तुम्हाला तीनच खोल्या वापरायच्या असतील तर बाकीची कुलपं उघडायला जाऊ नये.

एक प्रोग्रॅम सतत जागा असतो आणि लेख स्वीकारतो. वाचायला कुणी आलं की त्याच्यासाठी दुसरा प्रोग्रॅम उभा राहतो. तिसरा बाहेर पाठवतो, तो आम्ही सुरूच केला नाही. रोज रात्री एक साफसफाईचा प्रोग्रॅम चालतो. कॉन्फिगरेशनच्या फाइली बऱ्याच आहेत, पण आम्ही हात लावला तो पाच-सहांनाच, आणि चुका शोधायला 'इनचेक' नावाचा प्रोग्रॅम सोबत मिळतो. तो व्हायवाच्या एक्स्टर्नलपेक्षा बरा. काय चुकलं ते निदान सांगतो.

खरी निवड आयएनएन घेतल्यावर करायची असते. लेख साठवायचे कसे? याचे मुख्य प्रकार दोन समजा. 'सीएनएफएस' मध्ये आधीच ठरावीक आकाराची एक मोठी फाइल करून ठेवतात आणि लेख तिच्यात ओळीने भरत जातात. फाइल संपली की पुन्हा सुरुवातीपासून, जुन्यावर नवं. डिस्क कधी भरत नाही, वेग चांगला. रोज प्रचंड लेख येतात तिथे हेच हवं. दुसरा प्रकार 'ट्रॅडस्पूल', म्हणजे पारंपरिक. प्रत्येक ग्रुपची एक डिरेक्टरी, प्रत्येक लेखाची एक साधी टेक्स्ट फाइल. हळू, डिस्कवर बारीक फाइलींचा पसारा, जुन्या काळचं.

आम्ही जुन्या काळचं घेतलं, आणि त्याचं कारण लाइट. आपल्या भागात पावसाळ्यात वीज कशी जाते ते वेगळं सांगायला नको. यूपीएसची बॅटरी आमच्याआधीच निवृत्त झालेली. मशीन धाडकन बंद पडलं की सगळ्यात आधी धोका त्या हिस्टरी फाइलला. ती आणि डिस्कवरचे लेख यांचा मेळ बसेनासा होतो. पण ट्रॅडस्पूलमध्ये लेख साध्या फाइलींमध्ये पडलेले असतात. 'मेकहिस्टरी' चालवायचं, ते प्रत्येक फाइल वाचून नवी नोंदवही लिहितं. दुसरं म्हणजे, उद्या आयएनएन कुणालाच येत नसेल तरी ती डिरेक्टरी पेनड्राइव्हवर कॉपी करून कोणत्याही एडिटरमध्ये उघडता येते. पेपर जपायचे आहेत ना? मग डिस्कच्या वेगापेक्षा हे मोलाचं.

आता ती रात्र. सर्व्हर सुरू करून आम्ही मोठ्या उत्साहात तीन विषयांचे सोडवलेले प्रश्न टाईप करून टाकले. अकराव्या दिवशी सकाळी ग्रुप रिकामा! आधी एकमेकांवर संशय घेतला. नंतर लॉग वाचला. काही बिघडलंच नव्हतं. आयएनएनसोबत येणाऱ्या 'एक्स्पायर' च्या फाइलीत 'लेख दहा दिवस ठेवावेत' असं मूळचंच लिहिलेलं असतं आणि साफसफाईच्या प्रोग्रॅमने ते इमानदारीत पाळलं. न्यूज सर्व्हर मुळात वाहती गोष्ट आहे, साठवण हा अपवाद. आम्ही ती फाइल उघडूनही पाहिली नव्हती. ज्यासाठी सगळा खटाटोप केला तेच आम्ही आमच्या हाताने पुसलं.

वाचलो ते माझ्या रूम पार्टनरमुळे. त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर लीफनोड टाकून आमच्याच सर्व्हरवरून लेख ओढले होते, केवळ प्रयोग म्हणून. त्याच्याकडे प्रती होत्या. त्या पेनड्राइव्हवर आणल्या आणि सर्व्हरला द्यायला लागलो, तर सर्व्हर घेईना! काही लेखांना 'हे मी आधीच पाहिलंय' म्हणाला, कारण लेख पुसला तरी त्याचा नंबर हिस्टरीमध्ये आणखी काही काळ ठेवला जातो, नाहीतर शेजारचा सर्व्हर तोच लेख पुन्हा गळ्यात मारेल. बाकीच्यांना 'फार जुने' म्हणून परत पाठवलं, कारण दहा दिवसांपेक्षा जुना लेख स्वीकारायचा नाही असाही मूळ नियम आहे. दोन्ही नकार अगदी बरोबर. आम्ही वयाची मर्यादा वाढवली, नंबर विसरला जाईपर्यंत थांबलो, आणि मग सगळे लेख 'आरन्यूज' मधून आत घेतले. पहाटेचे चार वाजले होते आणि दुसऱ्या दिवशी टीओएमची सबमिशन होती. त्याबद्दल न बोललेलं बरं.

आता पेपर आणि नोट्सच्या ग्रुपना 'कधीच पुसू नका' असं लिहिलंय, गप्पांच्या ग्रुपला तीस दिवस. नवा ग्रुप काढण्याआधी त्याचं आयुष्य ठरवायचं असा नियमच केलाय. 'कायम' ही गोष्ट सॉफ्टवेअरला आपण सांगावी लागते.

बारीकसारीक

ग्रुपची नावं आपल्या स्वतःच्या आडनावाने सुरू करा, म्हणजे आधी 'हॉस्टेल', मग विषय. पुढे बाहेरच्या सर्व्हरशी जोडलं तर 'हॉस्टेल' ने सुरू होणारं काहीही बाहेर जाऊ नये हे एका ओळीत सांगता येतं. मेसबद्दल लिहिलेलं जगभर गेलं तर रेक्टर सरांना कोण तोंड देणार?

कोण वाचणार, कोण लिहिणार हे 'रीडर्स' च्या फाइलीत ठरतं. आम्ही लॅनबाहेरून काहीच उघडं ठेवलेलं नाही. लॅनवरही लिहायला पासवर्ड लागतो. निनावी लिहू द्यावं की नाही यावर खूप भांडलो. माझं मत 'नाही'. ज्याला नाव लपवून लिहायचंय त्याच्यासाठी तक्रारपेटी आहे.

मराठीचं काय? सध्याच्या सर्व्हरमधून यूटीएफ-८ मजकूर जसाच्या तसा जातो, अडचण असते ती वाचकाच्या सॉफ्टवेअरची. थंडरबर्डमध्ये न्यूजग्रुपचं खातं उघडता येतं आणि देवनागरी विषयासकट सगळं नीट दिसतं. फोनवर मात्र बोंब आहे. चांगली ॲप्स मोजकी, आणि फर्स्ट इयरच्या बहुतेकांकडे फोनच आहे. ही अडचण कोणत्याही सर्व्हर सॉफ्टवेअरने सुटणारी नाही. आम्ही रीडिंग रूममध्ये दोन जुने पीसी लावले आणि त्यावर थंडरबर्ड उघडून ठेवलं. गर्दी होते ती पीएलमध्येच, पण होते.

शक्यतो केबल वापरा. आपण राहतो त्या पट्ट्यात खोडदच्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत आणि त्या आकाशातले अतिशय क्षीण रेडिओ संकेत ऐकत असतात. वाय-फायचे २.४ गिगाहर्ट्झ त्यांच्या पट्ट्याच्या वर आहेत, पण स्वस्तातला पॉवर सप्लाय आणि झाकण काढून ठेवलेलं कॅबिनेट हे सगळ्याच पट्ट्यांत गोंगाट करतात. आमच्या डेस्कटॉपचं झाकण स्क्रू हरवल्यामुळे उघडं होतं. आता बसवलंय.

आणि तातडीची गोष्ट न्यूजग्रुपवर टाकू नका. मागे एकाने संध्याकाळी मेसच्या मागे बिबट्या दिसल्याचं ग्रुपवर लिहिलं, छान विषय वगैरे देऊन. ते बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी वाचलं. बिबट्या दिसला की वॉचमन काकांना हाक मारायची आणि रेक्टर सरांना फोन करायचा. लेख नंतर लिहा.

राहिला तिसरा प्रश्न, कोण बघणार. सर्व्हरचा पासवर्ड एका बंद पाकिटात रेक्टर ऑफिसच्या कपाटात ठेवला आहे. सोबत चार पानांची वही आहे, हाताने लिहिलेली : मशीन कसं सुरू करायचं, लाइट गेल्यावर काय बघायचं, मेकहिस्टरी कसं चालवायचं, एक्स्पायरच्या फाइलीत काय लिहिलंय आणि का. सेकंड इयरच्या दोघांनी ती वाचून, आम्हाला न विचारता, एकदा सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. पहिल्यांदा दुसऱ्या पानावर अडले, तिथे आमचंच वाक्य चुकलं होतं. ते दुरुस्त केलंय. दर रविवारी स्पूलची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची असते, तो पेनड्राइव्ह वहीलाच दोऱ्याने बांधलाय. कृपया त्यावर पिक्चर भरू नयेत.